छोटी तोफ करताय? आधी ठरवा, वाजवायची की कपाटात ठेवायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की लहान लेथ घेतलाय, 40 मिलिमीटरचा पितळी रॉड पडून आहे, जुन्या मैदानी तोफेचं 1:10 मॉडेल करायचंय, जमलं तर काळी दारू भरून एखादा बारही काढायचाय, आणि एवढं खोल भोक पाडायचा कंटाळा येतो म्हणून जाड पाइप घेऊन मागून आटे पाडून बूच बसवलं तर चालेल का. शेवटाकडून सुरुवात करतो. नाही चालणार. वाजवायच्या तोफेला तर नाहीच, आणि नुसत्या शोभेच्या तोफेलासुद्धा मी असलं करणार नाही, का ते पुढे येईलच.

मी ही लहान तोफांची खोड बरीच वर्षं बाळगून आहे, त्यात वाया घालवलेलं पितळ वजनावर विकलं असतं तर लेथचा नवीन चक (काम पकडून फिरवणारा जबडा) आला असता. पण या सगळ्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय. पहिला कीस पडायच्या आधी ठरवायचं की ही तोफ वाजणारी आहे का न वाजणारी. दोन्हीच्या मधलं काही नसतं. "आत्ता शोभेची करतो, मग बघू" असं म्हणून केलेली तोफ ही सगळ्यात धोकादायक, कारण ती दिसते खऱ्यासारखी, आतून आरपार मोकळी असते, कान म्हणजे बत्ती द्यायचं मागचं भोक असतं, आणि ज्याला तिची भिंत किती जाड आहे हे माहीत नाही असा कोणीतरी एक दिवस ती हातात घेतो.

माझ्याकडे हे झालंय. कपाटावर एक वीतभर लांबीची तोफ होती, नुसती दिसायला केलेली, मझलकडून म्हणजे तोंडाकडून बोअर, म्हणजे नळीचं आतलं भोक, बराच आत गेलेला आणि वरून कान पाडलेला कारण त्याशिवाय ती मला अपुरी वाटायची. पाहुण्यांच्या पोराने फटाके सोलून त्यातली दारू आत ठासली आणि मागच्या अंगणात नेऊन बत्ती दिली. नशीब एवढंच की त्याने वर काही ठासलं नव्हतं, तोंडातून भप्पकन जाळ निघाला, भुवया गेल्या आणि तोफ उलटी होऊन कुंडीवर आपटली. फटाक्यात जी दारू असते ती आपल्या काळ्या दारूपेक्षा पार वेगळ्या स्वभावाची असू शकते, तिने मागचा भाग उघडला असता तर मी हे असं निवांत लिहीत बसलो नसतो. त्या दिवसापासून माझ्या शोभेच्या तोफांचा कान आरपार जात नाही. वरून दीड-दोन मिलिमीटर खोल टिंब, त्यात काळा रंग, बघणाऱ्याला फरक कळत नाही. आणि बोअरसुद्धा पुढून दोन-तीन बोटं, बास. जुन्या काळी तोफ शत्रूच्या हाती पडणार असं दिसलं की कानात खिळा ठोकून ती निकामी करायचे, मी तो खिळा जन्मतःच ठोकतो असं समजा.

तर शोभेची करणार असाल तर तुमचा पितळी रॉड उत्तम आहे, बिनधास्त लावा लेथला. वाजवायची असेल तर तो रॉड बाजूला ठेवा आणि पुढचं नीट वाचा.

आधी मापाबद्दल, कारण बहुतेक लोक इथेच फसतात आणि त्यांना कळतही नाही. तुम्ही ज्या मैदानी तोफेचा फोटो पाठवलाय ती 12 पाउंडर (बारा पाउंडांचा गोळा टाकणारी) नेपोलियन, अमेरिकन मॉडेल 1857, मूळची फ्रेंच 1853 ची, नाव तिसऱ्या नेपोलियनवरून पडलेलं, पहिल्यावरून नाही. तिचा बोअर 4.62 इंच, म्हणजे साधारण 117 मिलिमीटर. बोअरची लांबी 63.6 इंच. नुसती नळी साडेपाचशे किलोच्या आसपास. 1:10 केलं की बोअर 12 मिलिमीटरच्या जरा खाली, खोली 160 च्या पुढे, इथवर सगळ्यांना कळतं. पण वजन? साडेपाचशे किलोचे पंचावन्न किलो होत नाहीत, साडेपाचशे ग्रॅम होतात. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहाने कमी झाल्या म्हणजे आकारमान हजाराने कमी झालं. गोळा साडेपाच किलोचा होता तो साडेपाच ग्रॅमचा होतो. आणि दारूसुद्धा त्याच हजाराच्या हिशोबात जाते.

आता होतं काय, माणूस मन लावून तोफ करतो, पहिला बार काढतो आणि आवाज येतो फट्. फुसका. कारण तोफ एवढीशी आहे, आवाजही तेवढाच येणार ना. पण डोक्यात सिनेमातली तोफ असते, मग पुढच्या वेळी थोडी जास्त दारू, मग वर कागदाचा बोळा घट्ट ठासून, मग अजून थोडी. लहान तोफांचे बरेचसे अपघात या "अजून थोडी"मधून होतात असं माझं मत आहे. घट्ट बोळा तर दारूपेक्षा वाईट, कारण वायूला पुढे पळायला वाट मिळाली नाही की दाब चढतो आणि तो सगळीकडे सारखाच ढकलतो, मागेसुद्धा. आवाज मोठा हवा असेल तर तोफ मोठी करा, दारू नाही.

म्हणून मी चार्ज, म्हणजे एका बाराला दारू, किती हे इथे आकड्यात लिहिणार नाही, तुम्ही कितीही विचारलंत तरी. तुमच्या नळीचा पोलाद कुठला, भिंत किती, बोअर सरळ गेलाय का, हे बघितल्याशिवाय सांगितलेला आकडा म्हणजे न तपासता दिलेलं औषध. जिथे हा छंद कायदेशीर आहे तिथे काळ्या दारूच्या बंदुका-तोफा चालवणारे क्लब असतात, त्यांच्या लेखी मर्यादा असतात, तिथल्या जुन्या माणसाच्या हातात आपली नळी द्यायची आणि तो काय म्हणतो ते ऐकायचं. तो नको म्हणाला तर नको.

कायद्याचंही इथेच उरकतो. अमेरिकेत जुन्या पद्धतीची तोंडातून भरायची तोफ केंद्राच्या कायद्यात अँटिक या सदरात जाते आणि छंदासाठी कारखान्यात बनलेली काळी दारू 50 पाउंडांपर्यंत फेडरल परवान्याशिवाय ठेवता येते, पण राज्याराज्याचे नियम वेगळे. ब्रिटनमध्ये तोफेसाठी पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं आणि काळ्या दारूसाठी वेगळं. भारतात 1959 चा शस्त्र कायदा आहे, परवान्याशिवाय वाजणारं शस्त्र बनवणं हाच गुन्हा, मग ते वीतभर का असेना, आणि दारूला स्फोटकांचे नियम लागतात ते आणखी वेगळे. म्हणजे "खेळण्यातली आहे हो साहेब" हे उत्तर कुठेच चालत नाही. तुम्ही जिथे आहात तिथे आधी विचारा, लेखी उत्तर घ्या, नसेल जमत तर शोभेची करा, त्यात कमीपणा काहीच नाही. आणि दारू घरी मिसळायचा विषय माझ्याकडे काढू नका, त्यावर मी उत्तर देत नाही.

आता पाइप का नाही. तोफ म्हणजे काय तर एका बाजूने बंद असलेली नळी, आणि तिचा सगळा जीव त्या बंद बाजूत आहे. पुढचं तोंड, नक्षी, कडी, माथ्यावरचे डॉल्फिन (उचलायच्या कड्या), सगळी सजावट. दाब सगळ्यात जास्त असतो तो मागे, दारू जिथे बसते तिथे. आणि पाइप घेतला की नेमका तिथेच तुम्ही जोड घालताय. आटे म्हणजे मुद्दाम पाडलेल्या चिरा, प्रत्येक आट्याच्या तळाशी ताण एकवटतो. शिवाय काळ्या दारूची जळून उरलेली काजळी हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड खाते, ती आट्यांत शिरली की बाहेर येत नाही, आतून गंज चालू राहतो आणि बाहेरून बूच झकास चमकत असतं. वेल्डिंगचंही तेच, वरून शिवण सुंदर दिसते, आत किती खोल गेलीय ते कापून बघितल्याशिवाय कळत नाही. त्यात बाजारातला बराचसा पाइप मुळात पत्रा वाकवून लांबीत शिवलेला असतो. पाण्यासाठी बनवलेल्या वस्तूने पाणीच न्यावं.

वाजणारी नळी एकसंध पोलादी रॉडमधून, पुढून भोक पाडून, मागचा भाग न उघडता करायची. हाच एक रस्ता मी सांगेन. भिंत दारूच्या जागी चारही बाजूंनी किमान एक कॅलिबर, म्हणजे बोअर 12 चा असेल तर भिंत 12 ची, बाहेरचा व्यास 36, आणि मागे तळाला तेवढंच किंवा त्याहून जास्त भरीव. खऱ्या तोफेच्या आकाराला चिकटून राहिलात तर एवढी भिंत भरेलच असं नाही, मग बाहेरचा आकार तोच ठेवून बोअर बारीक करायचा. तोंडात भोक जरा लहान दिसतं, दिसू दे. तोंडाशी थोडं काउंटरबोअर करून, म्हणजे भोक तेवढ्यापुरतं रुंद करून, डोळ्याला फसवता येतं, पण तेही मझलच्या फुगवट्यापुरतंच.

पितळ का नाही म्हणाल तर, जुन्या कागदांत "ब्रास गन" असं लिहिलेलं असतं त्यावरून हा गैरसमज झालाय. त्या तोफा आपल्या आजच्या पितळेच्या नव्हत्याच, त्यात तांबं नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि बाकी कथील, म्हणजे ब्राँझ. दुकानात मिळणारा रॉड तांबं आणि जस्ताचा, वर कातायला सोपा जावा म्हणून शिसं घातलेला. कीस मस्त पडतो, पॉलिश मस्त येतं, पण तो बारच्या धक्क्यासाठी नाही. तोच रोग पोलादातही आहे बरं का, शिसं घातलेलं फ्री कटिंग पोलाद लेथवर लोण्यासारखं कापतं म्हणून लोक तेच उचलतात, मी वाजणाऱ्या नळीला ते वापरत नाही. ओतीव लोखंड तर नावही काढू नका. आणि भंगारातला "चांगला जड रॉड आहे" असला माल नको, सर्टिफिकेटसकट घ्या, ग्रेड माहीत नसलेलं पोलाद म्हणजे आडनाव माहीत नसलेला जामीनदार.

भोक पाडण्याबद्दल जरा रेंगाळतो, कारण खरी गंमत इथे आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तोफ ओतताना मधे मातीचा गाभा उभा करायचे आणि भोवती धातू ओतायचे. गाभा जरा सरकला की एका बाजूची भिंत जाड, दुसरी पातळ, आणि वरून बघून काही कळायचं नाही. योहान मारित्झ नावाच्या स्विस माणसाने तोफ भरीव ओतून मग आडवी ठेवून भोक पाडायची पद्धत बसवली, आणि त्यात खरी युक्ती ही की फिरायची तोफ, ड्रिल जागेवर स्थिर. ड्रिल फिरवलं तर ते भरकटलं की भरकटतच जातं. तोफ फिरवली तर ड्रिल मधल्या अक्षाकडे ओढलं जातं. तुमचा लेथ नेमकं हेच करतो, चकमध्ये जॉब (कातायचा तुकडा) फिरतो आणि समोरच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल गप्प उभं. म्हणून ड्रिल प्रेसवर तोफ पाडू नका. माझी पहिली तोफ मी ड्रिल प्रेसवर पाडली, दिसायला एक नंबर, मग शंका आली म्हणून वाजवण्याआधी उभी कापली तर एका बाजूला सात मिलिमीटर भिंत आणि दुसऱ्या बाजूला चार. ते दोन अर्धे तुकडे अजून टेबलावर आहेत, कागद दाबायला वापरतो.

क्रम असा ठेवा. रॉड चकमध्ये धरून आधी तोंड साफ करा, सेंटर ड्रिल मारा, मग आखूड जाड ड्रिलने पहिला थोडा भाग अगदी सरळ पाडून घ्या, आणि तोच पुढच्या लांब ड्रिलचा वाटाड्या. सुरुवातीलाच लांब ड्रिल घातलं की ते डुलतं आणि पुढची सगळी खोली डुलतच जाते. थोडं आत, पूर्ण बाहेर, कीस झाडा, तेल घाला, परत आत. व्यासाच्या तेरापट खोल भोक आहे हे, घाई केली की कीस अडकतो, ड्रिल आत तुटतं आणि मग ती तोफ आयुष्यभर भरलेलीच राहते. गरम किती होतं याची कल्पना हवी असेल तर, म्युनिकला तोफा बोअर करताना रमफर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने हेच बघितलं होतं, मुद्दाम बोथट बोअरर लावून भोवती पाणी ठेवलं आणि अडीच तासात ते पाणी नुसत्या घर्षणावर उकळलं, त्यावरचा त्याचा निबंध 1798 चा. उष्णता हा पदार्थ नसून हालचाल आहे या विचाराला बळ तिथून मिळालं. आपल्याला एवढाच धडा पुरे, की ड्रिल धारदार ठेवा आणि तेल सोडत रहा.

(शोभेच्या पितळी तोफेत उलटा त्रास होतो, पितळ ड्रिलला आत खेचून घेतं, टेलस्टॉकचा चक सुटून ड्रिल जॉबबरोबर फिरायला लागतं. त्यावर उपाय म्हणजे ड्रिलची कापणारी कड दगडावर हलकेच सपाट करून घ्यायची, अगदी केसभर. मग ते ओरबाडतं, खेचत नाही.)

ड्रिलचा तळ शंकूसारखा सुटतो, तो तसाच ठेवायचा नाही. तळ अर्धगोल हवा. कोपरा म्हटला की ताण तिथे साठतो, आणि त्याच कोपऱ्यात जळता निखारा पण लपतो, नळी पुसायचा पोचारा तिथे पोचत नाही. त्यासाठी मी सिल्व्हर स्टीलचा डी-बिट करतो, गोल रॉडचं टोक गोलसर करायचं, अर्धा भाग खरवडून टाकायचा, पाणी द्यायचं, धार लावायची. तासाभराचं काम आहे आणि विकतच्या कुठल्याही हत्यारापेक्षा बोअर गुळगुळीत करतो.

बोअर झाल्यावर मग बाहेरून कातायचं, आधी नाही. बोअरमध्ये घट्ट बसणारा प्लग करून त्यावर सेंटर घ्या म्हणजे बाहेरचा आकार बोअरच्याच अक्षावर येतो आणि भिंत सगळीकडे सारखी. उतार घ्यायला टेलस्टॉक सरकवा किंवा कंपाउंड (हत्यार धरणारी वळती सरक) वळवा, लांबी जास्त असेल तर टेलस्टॉकच बरा पडतो. मागचा गोंडा म्हणजे कॅसकेबल सगळ्यात शेवटी, कारण तो कातला की जॉब धरायला जागाच उरत नाही. हे मी तीनदा विसरलोय.

ट्रनियन, म्हणजे तोफ गाड्यावर जिच्यावर तोलली जाते ती दोन बाजूंची खुंटं. जाडी साधारण बोअरएवढी. ती गुरुत्वमध्याच्या किंचित पुढे येतात, म्हणजे मागची बाजू जड राहते आणि तोफ स्वतःच्या वजनाने मागे उंची देणाऱ्या स्क्रूवर टेकते. बरोबर मध्यावर बसवली तर तोफ झोपाळ्यासारखी डुलते आणि पुढे ठोका घेते. वाजणाऱ्या तोफेत ट्रनियनसाठी आरपार भोक पाडून दांडी घालायची नाही, बोअर तिथूनच जातो. भिंतीत उथळ खड्डा घेऊन सिल्व्हर सोल्डर करा, खड्ड्याखालीसुद्धा भिंत पुरेशी राहिली पाहिजे हे आधी कागदावर काढून बघा.

गाड्याबद्दल लोक विचारतच नाहीत आणि माझा निम्म्याहून जास्त वेळ तिथे जातो. लाकडाचे रेषे लहान होत नाहीत ही खरी अडचण. खरी तोफ ओकची असते म्हणून मॉडेलही ओकचं केलं तर ओकची छिद्रं दहापट मोठी दिसतात, गाडा स्पंजचा केल्यासारखा. बारीक पोताचं लाकूड घ्या, बॉक्सवुड, पेअर, चेरी, आणि रंग नंतर द्या. नेपोलियनचं चाक 57 इंचांचं, 14 आरे, 7 पुठ्ठे (चाकाच्या कडेचे लाकडी तुकडे), म्हणजे एका पुठ्ठ्यात दोन आरे. तुमच्या मापात चाक सुमारे 145 मिलिमीटर. आरे सपाट पातळीत नसतात, तुंब्याकडून (चाकाच्या मधल्या भागाकडून) बाहेरच्या बाजूला किंचित कललेले असतात, बशीसारखे, म्हणजे गाडा खड्ड्यात कलला की भार पेलणारा आरा उभा राहतो. हा कल दिला नाही तर चाक निर्जीव दिसतं, का ते सांगता येत नाही पण बघणाऱ्याला कळतं. त्यासाठी एक लाकडी जिग करा, मधे तुंब्याची खुंटी आणि भोवती 14 खाचा, खाचांची कड तुंब्यापेक्षा जरा वर, आपोआप कल येतो. दुसरं चाक त्याच जिगवर. पहिल्या चाकाला माझे चार रविवार गेले होते, दुसऱ्याला एक.

चाकाचं काम नको असेल तर जहाजावरची तोफ करा. चार भरीव छोटी चाकं, दोन बाजूंना पायऱ्यापायऱ्यांच्या फळ्या, खाली पाचर घालून उंची. नवशिक्याने पहिली हीच करावी असं मला वाटतं, पण ऐकतं कोण, सगळ्यांना आऱ्यांचीच हौस.

आता ज्यांच्याकडे परवाना आहे, जागा आहे, पोलादी नळी तपासून झालीय, त्यांच्यासाठी वाजवण्याच्या वेळेचं. मी गोळा कधीच भरत नाही, नुसता सलामीचा बार. लहान तोफेचा गोळा पण गोळाच असतो, तो कुठे थांबेल हे ठरवायला मागे मातीचा मोठा बंधारा लागतो, आणि माझी हौस तोफ करण्यात आहे, भोकं पाडण्यात नाही. दारू कारखान्यातली काळी, तोफेसाठीची जाड दाण्याची, कारण दाणा जितका बारीक तितकी भसकन जळते. बिनधुराची आधुनिक दारू कधीही नाही, चिमूटभर मिसळूनसुद्धा नाही. ती कोंडली की दाब वाढेल तशी आणखी वेगाने जळते, काळ्या दारूपेक्षा कितीतरी वर दाब नेते, आणि काळ्या दारूसाठी केलेली नळी तो सहन करत नाही.

डब्यातून थेट नळीत दारू कधी ओतायची नाही. आत एक ठिणगी शिल्लक असली तर आग हातातल्या डब्यापर्यंत येते. आधीच मोजून बांधलेल्या पुड्या, त्याही झाकणाच्या पेटीत, तोफेच्या मागे लांब. काळ्या दारूचं निम्म्याहून जास्त वजन जळल्यावर घन रूपातच उरतं, म्हणून तर एवढा धूर आणि एवढी काजळी, आणि त्या काजळीत निखारा मिनिटं मिनिटं जिवंत राहतो. प्रत्येक बारानंतर ओला पोचारा, मग कोरडा, मग थांबायचं. मोठ्या तोफेवर पोचारा चालताना एक जण चामड्याची टोपी घातलेल्या अंगठ्याने कान दाबून धरायचा, आत हवा ओढली जाऊन निखारा फुलू नये म्हणून. आपल्या तोफेला तेवढी माणसं लागत नाहीत पण कारण तेच. ठासायचा गज मुठीत आवळायचा नाही, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवून हलका धरायचा, म्हणजे अवेळी बार झालाच तर गज हातातून निसटून जातो, हाताला घेऊन जात नाही. आणि शरीर तोंडाच्या बाजूला, समोर कधी नाही. मागेही नाही, तोफ मागे उडी मारते.

बत्ती लांबून. कानात रंजक (पेटवायची बारीक दारू) टाकून काडी लावणं दिसायला भारी, पण कानातून वर जाळ निघतो, बोटं तिथे असतात. विकतची वात लावा आणि मागे सरका. डोळ्याला चष्मा, कानाला मफ्स, बघणाऱ्यांनाही, कुत्रा आधी घरात.

बार झाला नाही तर काय, हे लोक विचारत नाहीत आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं. जवळ जायचं नाही. मी अर्धा तास घड्याळ लावून बसतो, चहा पितो. मग बाजूने जाऊन कानातून भरपूर पाणी. वाकून तोंडात बघायचं नाही, कधीच नाही, टॉर्च लावून तर नाहीच.

"पण मी चार वेळा वाजवली, काही झालं नाही" असं मला एकाने ऐकवलं होतं, वेल्ड केलेल्या पाइपच्या तोफेबद्दल. 28 फेब्रुवारी 1844 ला अमेरिकन नौदलाच्या प्रिन्स्टन जहाजावर पीसमेकर नावाची 12 इंची तोफ मोठ्या थाटात दाखवत होते, राष्ट्राध्यक्ष टायलर जहाजावरच होते. त्या दिवशी ती आधी सुखरूप वाजली होती. मग परत वाजवली तेव्हा मागचा भाग फुटला, आणि परराष्ट्रमंत्री अपशर आणि नौदलमंत्री गिल्मर दोघंही गेले, शिवाय आणखी माणसं. त्याच्या खूप आधी, 1460 ला, स्कॉटलंडचा दुसरा जेम्स राजा रॉक्सबरोच्या वेढ्यात स्वतःचीच तोफ फुटून मेला, तोफांची फार आवड होती त्याला, बघायला जवळ उभा होता. धातूला चीर पडते ती आतून आणि हळूहळू, प्रत्येक बाराला केसभर पुढे सरकते. चार वेळा वाजली म्हणजे पाचव्यांदा वाजेल असं नाही, चार वेळा चीर पुढे सरकली असंही असू शकतं. म्हणून मी नळी दर काही बारांनंतर पूर्ण धुऊन, आत उजेड टाकून, डाय पेनिट्रंट लावून बघतो, म्हणजे लाल रंग लावायचा, पुसायचा, पांढरी पावडर मारायची, चीर असेल तर लाल रेघ उमटते. बघताना नळी गाड्यावरून काढलेली, रिकामी, आणि कानातून तार आरपार घालून रिकामी असल्याची खात्री केलेली. एक नळी मी अशी बाद केलीय, कानाच्या बुडाशी नखाएवढी रेघ होती. कान हा तसाही नाजूक भाग, भिंतीतून आरपार गेलेलं एकमेव भोक, शिवाय प्रत्येक बाराला गरम वायू तिथून फुरफुरत जाऊन तो झिजून मोठा होत जातो.

धुण्याबद्दल एकच, त्याच दिवशी, उद्या नाही. गरम साबणाचं पाणी, नुसतं तेल नको, तेल काजळीवर बसतं आणि खाली गंज चालू राहतो. पाण्याने लख्ख धुऊन, पूर्ण वाळवून मग तेलाचा हात. कान तारेने साफ.

तुमच्या बाबतीत माझा सल्ला विचारलात तर हा 40 चा पितळी रॉड शोभेच्या तोफेला घालवा, कान टिंबापुरता ठेवा, गाडा जीव ओतून करा. खोल बोअरचा सराव मात्र वेगळ्या स्वस्त पोलादी तुकड्यावर करा, आणि झाल्यावर तो करवतीने उभा कापून दोन्ही भिंती कॅलिपरने मोजा. तीन तुकडे सलग सारखे आले की मग पुढचं बोलू. पाइप कोपऱ्यात ठेवा, मांडवाला खांब म्हणून उपयोगी पडेल.